पाटील मास्तर



दसरा चौकातून आपण सारेच जातो-येतो. आपले मुस्लिम बोर्डिंग तेथे आहे, जवळच जैन बोर्डिंग आहे, आणि ज्यांच्या आश्रयाने ही वसतिगृहे उभी राहिली त्या राजर्षी शाहू महाराजांचा पुतळाही त्याच चौकात आहे. महाराजांनी १९०१ पासून एकामागून एक वसतिगृहे उभी करण्याचा सपाटा लावला. १९०६ साली मुसलमान मुलांची सोय झाली. खेड्यातल्या मुलाला शिकायचे असेल तर आधी त्याला रात्री पाठ टेकायला जागा आणि दोन वेळचे अन्न पाहिजे, हे महाराजांनी ओळखले होते. आज मी तुम्हांला ज्यांच्याविषयी सांगणार आहे ते महाराजांविषयी नव्हे, तर त्याच काळात जैन बोर्डिंगमध्ये राहणाऱ्या एका मुलाविषयी. हा मुलगा अभ्यासात मागे होता. परीक्षेत नापास होत होता. त्याचे नाव भाऊराव पायगोंडा पाटील. पुढे सारा महाराष्ट्र त्यांना कर्मवीर म्हणू लागला.

थोरामोठ्यांची चरित्रे वाचताना आपला असा समज होतो की ही माणसे लहानपणापासून पहिल्या नंबरची. म्हणूनच आपल्या घरातला मुलगा अडखळत वाचू लागला, पाढे विसरू लागला, की आपण त्याच्यावर फुली मारून मोकळे होतो. भाऊरावांचे चरित्र अशा घरांनी मुद्दाम वाचावे असे मला वाटते.

त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी आपल्याच जिल्ह्यातील कुंभोज या गावी झाला. ते त्यांचे आजोळ. मूळ घर सांगली भागातील ऐतवडे बुद्रुक येथले. वडील महसूल खात्यात कारकून, म्हणजे नोकरी बदलीची. भाऊराव अंगापिंडाने दणकट होते; कुस्ती आणि पोहणे यांत रमणारे. पुस्तकात मात्र जीव रमत नसे. पुढील शिक्षणासाठी वडिलांनी त्यांना कोल्हापूरला राजाराम हायस्कुलात घातले व राहण्याची सोय जैन बोर्डिंगमध्ये केली.

तेथे गणिताने त्यांना छळले. असे सांगतात की, शाहू महाराजांना या मुलाविषयी आपुलकी होती, म्हणून त्याला वरच्या वर्गात घालावे अशी शिफारस त्यांनी शाळेकडे केली. गणिताचे मास्तर मोठे करारी. ते म्हणाले म्हणे, की भाऊराव ज्या बाकावर बसतो तो बाक मी वर चढवीन, पण भाऊरावाला चढवणार नाही. प्रत्यक्ष छत्रपतींची शिफारस परत करणारा तो मास्तर, आणि ते ऐकून घेणारे ते छत्रपती! दोघेही आपापल्या जागी मोठेच. पण मी शिक्षक असल्याने माझ्या मनात दुसराच विचार येतो. बाकासारखा जड ठरलेल्या त्या मुलाला संध्याकाळी घटकाभर जवळ बसवून, तुझे नेमके अडते कोठे, हे विचारणारे त्या दिवसांत कोणी होते का? मॅट्रिकचा दाखला भाऊरावांच्या हाती कधीच आला नाही.

बोर्डिंगातही ते टिकले नाहीत, पण त्याचे कारण निराळे आहे. १९०८ साली महाराजांनी अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू केले. त्याच्या उद्घाटनाला भाऊराव गेले. परत आल्यावर स्नान करून शुद्ध होण्याचा आदेश त्यांना मिळाला. त्यांनी तो मानला नाही. बोर्डिंगचे अधीक्षक त्या वेळी अण्णासाहेब लठ्ठे होते. शिस्तभंगाबद्दल भाऊरावांना बोर्डिंग सोडावे लागले. तेव्हा महाराजांनी त्यांना आपल्याकडे ठेवून घेतले. येथेच एक गोष्ट सांगून टाकतो, कारण तीवरून माणूस कळतो. पुढे १९१४ च्या सुमारास कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण घडले. त्यात याच लठ्ठ्यांच्या विरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आले. ज्यांनी आपल्याला बोर्डिंगमधून काढले त्यांच्यावर सूड उगवण्याची ती आयती संधी होती. भाऊरावांनी तुरुंग पत्करला, छळ सोसला, जीव देण्यापर्यंत वेळ आली, पण खोटे बोलले नाहीत.

त्याच दिवसांतली आणखी एक हकीकत आहे. इस्लामपूरकडे गेले असता त्यांना शाळेत वर्गाच्या दाराबाहेर बसून शिकणारा एक मुलगा दिसला. अस्पृश्य म्हणून त्याला आत जागा नव्हती. दाराबाहेर बसून फळ्यावरचे जितके दिसेल तितके त्याने टिपायचे. भाऊरावांनी त्याला कोल्हापूरला आणून मिस क्लार्क वसतिगृहात दाखल केले. हा मुलगा म्हणजे ज्ञानदेव घोलप. ते पुढे मुंबईच्या कायदे कौन्सिलचे सभासद झाले. एका मुलाला हाताला धरून दाराच्या आत आणले, एवढेच काम. त्याला ना संस्था लागली, ना अनुदान लागले.

शिक्षण अर्धवट राहिले. १९०९ च्या सुमारास कुंभोजच्या पाटील घराण्यातील लक्ष्मीबाईंशी विवाह झाला. वडील तेव्हा कोरेगावला होते. कमाई नाही, धंदा नाही, बापाच्या घरी बसून जेवायचे. वडिलांनी एकदा चांगलेच सुनावले. ते बोल मनाला लागले आणि भाऊराव घर सोडून साताऱ्याला निघून गेले.

आता पाहा, पदरी दाखला नसलेल्या या तरुणाने साताऱ्यात पोट भरण्यासाठी कोणता उद्योग केला? शिकवण्या! घरोघरी जाऊन शाळकरी मुलांना शिकवणे. नापास झालेला माणूस शिकवणार काय, असे कोणी म्हटलेही असेल. पण थोड्याच दिवसांत साताऱ्यात पाटील मास्तर हे नाव सर्वांच्या तोंडी झाले. चांगल्या घरची, वकिलांची, सावकारांची मुले त्यांच्याकडे शिकू लागली. महिन्याला नव्वद रुपयांच्या आसपास प्राप्ती होऊ लागली. त्या काळच्या प्राथमिक शिक्षकाने एवढी रक्कम स्वप्नात पाहिली नसेल.

याचे रहस्य काय असावे? मी माझ्या अनुभवावरून एक तर्क करतो. ज्याला पहिल्या वाचनातच समजते, त्याला दुसऱ्याला का समजत नाही हे उमगत नाही. तो तेच पुन्हा मोठ्या आवाजात सांगतो. जो स्वतः अडखळला आहे त्याला दगड कोठे आहे ते ठाऊक असते. माझ्या वर्गात मी हे कितीदा तरी पाहिले आहे. जोडाक्षर मी दहा वेळा सांगून ज्याच्या डोक्यात शिरत नाही, त्याला शेजारचा मुलगा दोन मिनिटांत समजावतो, कारण तो स्वतः गेल्या वर्षी तेथेच अडला होता.

शिकवण्या चालू होत्या, पैसा येत होता. पण पैसे मोजणाऱ्याच्या मुलाला मास्तर मिळतो, न मोजणाऱ्याच्या मुलाला मिळत नाही, ही गोष्ट या पाटील मास्तरांना स्वस्थ बसू देईना. १९१० साली सहकाऱ्यांसह दुधगाव येथे त्यांनी सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी विद्यार्थी आश्रम काढण्यात पुढाकार घेतला. मध्यंतरी ओगल्यांच्या काचकारखान्याचे आणि किर्लोस्करांचे प्रतिनिधी म्हणून ते गावोगाव फिरले. लोखंडी नांगर विकता विकता त्यांनी रयतेची दैना पाहिली. नांगर घ्यायला आलेल्या शेतकऱ्याला पावतीवर काय लिहिले आहे ते वाचता येत नसे. सावकाराच्या खतावर अंगठा उठवताना त्याला कोण विचारणार?

४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, कराड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, अशा सर्वांची मुले तेथे एका पंगतीत जेवत, एकत्र काम करत व अभ्यास करत. १९२७ साली महात्मा गांधी तेथे आले व त्यांच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव देण्यात आले. कोल्हापूरच्या महाराजांना जाऊन तेव्हा पाच वर्षे झाली होती.

या वसतिगृहाची गोष्ट सांगताना लक्ष्मीबाईंना वगळले तर तो अन्याय होईल. त्या सोवळ्या-ओवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या. नवऱ्याने सतरा जातींची पोरे घरात आणली तेव्हा त्यांना जड गेले नसेल असे नाही. पण त्यांनी त्या पोरांना पोटच्या मुलांसारखे सांभाळले, आजारपणे काढली. अंगावरचे सोने एकेक करून बोर्डिंगसाठी गेले. भाऊराव बाहेरगावी असताना एके दिवशी कोठीत धान्य नव्हते. तेव्हा त्यांनी मंगळसूत्र देऊन मुलांच्या पोटाची सोय केली. १९३० साली त्या वारल्या. आपल्या सभांमधून दानशूर पुरुषांची नावे आपण घेतो. घरात राहून दुसऱ्याच्या मुलांसाठी झिजणाऱ्या अशा बायांची नावे फलकावर क्वचितच लागतात.

वसतिगृहे, हायस्कुले, महाविद्यालये यांचा विस्तार सर्वांना माहीत आहे, म्हणून मी तो भरभर सांगतो. १९३५ साली साताऱ्यात ग्रामीण शिक्षक तयार करणारे सिल्व्हर ज्युबिली ट्रेनिंग कॉलेज, १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज, १९५४ साली कराडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज. या संस्थेच्या सातारा येथील कायद्याच्या महाविद्यालयाला इस्माईलसाहेब मुल्ला यांचे नाव आहे, हे आपल्या मुलांना मुद्दाम सांगावे.

मला स्वतःला त्यांच्या कार्यातील जो भाग सर्वांत मोलाचा वाटतो त्याची चर्चा फारशी होत नाही. तो म्हणजे व्हॉलंटरी शाळा.

सातारा जिल्ह्याचा पश्चिमेकडचा भाग डोंगराळ. दहा-वीस घरांच्या वाड्या. इतक्या थोड्या मुलांसाठी शाळा काढायला कोण येणार? जवळची शाळा ओढ्यापलीकडे, आणि पावसाळ्यात ओढा उतरू देत नाही. अशा वाड्यांची मुले गुरांमागे जात आणि अक्षरशत्रू म्हणूनच म्हातारी होत. १९३८ साली साताऱ्याजवळच्या डोंगरावरील यवतेश्वर येथे संस्थेने पहिली व्हॉलंटरी शाळा काढली. शाळा म्हणजे इमारत नव्हे. देऊळ असेल, चावडी असेल, एखाद्याची पडवी असेल. गावाने जागा द्यायची, संस्थेने मास्तर द्यायचा. मास्तर म्हणजे बहुधा असाच एखाद्या खेड्यातून येऊन बोर्डिंगमध्ये वाढलेला, ट्रेनिंग घेतलेला तरुण. त्याला थोडेफार वेतन मिळे. म्हणजे ते अगदी फुकटचे काम नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण त्या वेतनासाठी कोणी डोंगर चढून गेला नसता. आपल्याला कोणीतरी शिकवले, आता आपण पुढच्याला शिकवायचे, एवढा एकच हिशेब त्यामागे होता. अशा शाळांची संख्या पुढे ५७८ पर्यंत गेली. एका खाजगी संस्थेने, तेही गरिबांच्या मुठी-मुठी धान्यावर जगलेल्या संस्थेने, चालवलेल्या ५७८ शाळा!

या वाटेत काटेही आले. १९४८ साली सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. कर्मवीरांच्या स्पष्ट बोलण्याचा राग हे त्याचे एक कारण मानले जाते. तेव्हा त्यांचे वय साठ उलटलेले. याच वर्षी गांधीजींच्या हत्येनंतर त्यांनी महात्माजींच्या नावाने १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प केला होता, आणि हातात पैसा नव्हता. लोकांनी ओंजळी पुढे केल्या. पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले.

आता थोडे आपल्याविषयी. वाचकहो, तुम्ही म्हणाल, आज तर वाडीवाडीला शाळा आहे, पटावर सगळ्यांची नावे आहेत, मग यवतेश्वरची गोष्ट कशाला? नाव पटावर असणे आणि मुलाला वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत म्हणून. असर नावाची देशभर खेड्यापाड्यांतून जी पाहणी होते, तीत २०२२ साली असे आढळले की पाचवीतल्या १०० मुलांपैकी सुमारे ४३ मुलांनाच दुसरीच्या पुस्तकातील मजकूर वाचता आला. म्हणजे निम्म्याहून अधिक मुले आजही दारात बसलेली आहेत. फरक इतकाच की आता दार वर्गाच्या आत आहे.

आपल्या मुलांची अडचण तर आणखी एका पदराची असते. घरात आपण दखनी बोलतो. मूल सहा वर्षे तीच भाषा ऐकते आणि मराठी शाळेत येते. त्याला बाळ आणि बाल यांत फरक ऐकू येत नाही, पाणी लिहिताना तो पानी लिहितो. चमच्यातला च आणि चिमणीतला च एकाच अक्षराने का लिहितात ते त्याला कळत नाही. ते मूल, ते पुस्तक, ते झाड म्हणताना तो गोंधळतो, कारण नपुंसकलिंग त्याच्या घरच्या बोलीत नाहीच. हे मूल मंद नसते. ते एकाच वेळी नवी भाषा आणि नवी अक्षरे शिकत असते. आणि आम्ही शिक्षक पन्नास मुलांच्या वर्गात पुढच्या धड्याकडे निघालेले असतो.

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांतली गोष्ट आहे. चौथीत एक मुलगा होता. धडा म्हण म्हटले की खडाखडा म्हणायचा. मी खूष. एके दिवशी सहज मधलेच पान उघडून एका ओळीवर बोट ठेवले, तर त्याला एक शब्द लागेना. सगळे धडे त्याने शेजाऱ्याचे ऐकून पाठ केले होते. एवढी तल्लख स्मरणशक्ती, आणि अक्षरओळख नाही! वर्ष संपत आले होते. मी त्याला वर ढकलला. सातवीनंतर तो शाळेत दिसला नाही. पुढे एका गॅरेजमध्ये भेटला. गाडीच्या कागदावर काय लिहिले आहे ते त्याने दुसऱ्या पोराकडून वाचून घेतले, आणि मला पाहून मान खाली घातली. मान त्याची खाली गेली, पण चूक माझी होती.

तेव्हापासून मी माझ्यापुरता एक नेम केला आहे. शाळा सुटल्यावर दहावीची काही मुले-मुली आणि चौथीची मागे पडलेली मुले यांची जोडी लावून देतो. एकाला एक. पुस्तक शाळेचे नाही घ्यायचे. दुकानाच्या पाट्या, बसचे फलक, घरात बोलले जाणारे शब्द, यांपासून सुरुवात. दखनीत बोलायला मुभा. मुंबईत बालसखी नावाने असाच उपक्रम झाला. वस्तीतल्याच मुली मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळे बसवून शिकवत. मुंबई आणि बडोद्यात त्याची शास्त्रीय तपासणी झाली तेव्हा मुलांची प्रगती झालेली आढळली. त्या मुली पदवीधर शिक्षिका नव्हत्या.

पालकांपैकी काहींनी तक्रार केली की दहावीच्या मुलीचा वेळ वाया जातो. मी त्यांना पाटील मास्तरांचे नाव सांगतो. काही ऐकतात, काही मुलगी काढून नेतात. गेल्या वर्षी अशा दोन मुली गेल्या, आणि त्यांच्याकडे बसणारी चौथीची दोन मुले आठवडाभर रोज येऊन दाराशी उभी राहिली.

५ एप्रिल १९५९ रोजी पुणे विद्यापीठाने भाऊराव पाटलांना डी. लिट. ही सन्माननीय पदवी दिली. राजाराम हायस्कुलात जे बाकापेक्षाही वर चढले नाहीत ते आता डॉक्टर झाले. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला. शरीर थकलेले होते. पदवी मिळाल्यावर पाच आठवड्यांच्या आत, ९ मे १९५९ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले. समाधी साताऱ्याला आहे. सहलीला जाल तेव्हा साताऱ्यात थांबा, आणि वेळ असेल तर वर यवतेश्वरालाही जाऊन या. कास पठाराच्या वाटेवरच आहे.